शंख-शिंपले वेचणारे इथे कोण कोण आहेत?

वाळूवाट

कोकणात जाऊन आलेल्या जवळपास प्रत्येक घरात शिंपल्यांची एक पिशवी असते. ती गाडीत वास मारते, बाल्कनीत पडून राहते आणि दिवाळीच्या साफसफाईत कचऱ्यात जाते. त्या पिशवीसाठी हा धागा काढलेला नाही. वेचून आणलेला शंख धुऊन, ओळखून, चिठ्ठी लावून डबीत ठेवणारे काही वेडे लोक असतात. मी त्यातला. आणखी किती जण आहेत ते बघावं म्हणून लिहितोय.

आधी वेळेचं बघू. किनाऱ्यावर कधी जायचं ते हॉटेलवाल्याला विचारू नका, तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. पाऊणकीचा पाढा ज्यांनी घोकलाय त्यांना हे तोंडी जमेल. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. त्यात सहा-सव्वासहा तास मिळवले की ओहोटीचा तळ. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. त्या दिवशी शंखवाल्याने मासे खाऊन झोपावं. आपल्या कामाची ती उधाणाची ओहोटी. त्यातही पौर्णिमा-अमावास्येनंतरची बीज आणि तीज मला सगळ्यात आवडते. सकाळी आठच्या आसपास पाणी तळाला जातं, ऊन कोवळं असतं आणि घोडागाड्यांची वर्दळ अजून सुरू व्हायची असते.

किनाऱ्यावर पोचल्यावर लगेच खाली वाकू नका. आधी रेघा बघा. सगळ्यात वरची, सुकलेल्या काटक्यांची आणि प्लास्टिकची रेघ हलक्या मालाची: पातळ शिंपले, म्हाकुलाच्या पाठीचा पांढरा समुद्रफेन. जड शंख खाली राहतात, पाणी जिथे घुटमळतं तिथे. ओहोळ समुद्राला मिळतो ती जागा, वाळूतून डोकं काढलेल्या एखाद्या खडकाची मागची बाजू, अशा ठिकाणी. आक्षी-नागावला लोक पक्षी बघायला येतात आणि मान वर करून चालतात. खाली बघणाऱ्याला गर्दी नसते.

वाळूच्या किनाऱ्यावर मळसूत्री टरिटेला, तपकिरी ठिपक्यांची बॅबिलोनिया आणि नखाएवढी अंबोनियमची बटणं सापडतात. ही बटणं ढिगाने पडलेली असतात म्हणून कोणी बघत नाही. दहा उचलून तळहातावर ठेवा. दोन सारखी निघाली तर सांगा. हरिहरेश्वर किंवा हेदवीसारख्या खडकाळ जागी नेरिटा आणि कवड्या.

आता माझं मुख्य म्हणणं. किनाऱ्यावरच्या दुकानात चकचकीत शंख शेकड्याने मिळतात आणि आपल्याला वाटतं, आपले मेले फिकट, झिजलेले. कवडीची चकाकी तिच्या जिवंतपणाशी बांधलेली असते. आतला प्राणी आपल्या अंगाची मऊ घडी बाहेर काढून कवचावर दोन्ही बाजूंनी पांघरतो आणि वरून सतत नवा थर देत राहतो. म्हणून कवडीवर ओरखडा टिकत नाही. प्राणी मेला, कवडी लाटांत घासली, की चकाकी जाते. म्हणजे दुकानातली आरशासारखी कवडी बहुतेक वेळा जिवंत काढून उकळलेली असते. फिकट शंख आपलं आयुष्य जगून आलेला असतो. माझ्या डब्यात फिकटच आहेत आणि मला त्याचा अभिमान आहे.

तुमचे किनारे, तुमचे शंख, तुमच्या पद्धती येऊ द्या.

टिटवी

अखेर कोणीतरी काढला हा धागा! मी गुहागरची, आता ठाण्यात. पाऊणपटीचा हिशेब आजोबा सांगायचे, पण एक जोडते. हे गणित मुंबई-रायगडच्या बाजूला बरं जुळतं. दक्षिणेकडे गेलं की भरती थोडी आधी येते, आणि भरती-ओहोटीतला फरकही कमी होत जातो. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, मालवण-गोव्याकडे त्याच्या निम्मंच. त्यामुळे अलिबागला समुद्र आत गेलेला बघायची सवय झालेले लोक तारकर्लीला निराश होतात. शिवाय दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या खोल नसतात. तिथी बघून दिवस ठरवा आणि तासासाठी भरतीचं वेळापत्रक उघडा.

पावसाळा संपता संपता जाऊन बघा कोणी. किनारा पार बदललेला असतो, जुनी वाळू गेलेली, खालचे थर उघडे.

खडपातला

जिओ वाळूवाट. मी शंखांपेक्षा भोकांचा शौकीन आहे. म्हणजे शिंपल्यांवर ते अगदी गोल, सुईने पाडल्यासारखं भोक असतं ना, माळ ओवायला सोयीचं? पोरं म्हणतात देवाने पाडलं. ते खून आहेत.

भोकाच्या कडा नीट बघा. बाहेरून रुंद आणि आत निमुळतं, तिरकस कडांचं भोक असेल तर खुनी नॅटिका, म्हणजे गुळगुळीत गोल पोटाचा चंद्रशंख. तो वाळूखालून सरपटत शिंपल्याला गाठतो, पायात गुंडाळतो, आम्ल सोडून कवच मऊ करतो आणि खवलेदार जिभेने खरवडतो. हे काम तासन्‌तास चालतं. भोकाच्या भिंती सरळ असतील तर संशय म्युरेक्स या काटेरी शंखाच्या भावकीवर. अर्धवट राहिलेली भोकंही सापडतात, तिथे शिंपला वाचलेला असतो. माझ्याकडे एक डबी फक्त अशा अर्धवट भोकांची आहे. बायको म्हणते, चांगले शंख सोडून हे काय.

आणि एक विनंती. ओहोटीला वाळूवर रबरी वॉशरसारखं, वाळूचंच बनलेलं, एका बाजूला फाटलेलं कडं दिसलं तर कचरा म्हणून फेकू नका. ती चंद्रशंखाची अंडी आहेत. वाळू आणि चिकट द्राव मिसळून तो ती पट्टी बनवतो. किनारा स्वच्छ करणाऱ्या उत्साही मंडळींना हे आधी सांगायला हवं.

सायली_ठाणे

खून वाचून मुलगा वेडा झालाय. आता घरातल्या सगळ्या शिंपल्यांचं पोस्टमॉर्टेम चालू आहे. नॅटिका नऊ, म्युरेक्स दोन, एक "पोलिसांना माहीत नाही".

पाणथळ

सगळ्यांचा आनंद कळतो, तरी विरजण घालतो. शंख उचलूच नयेत या मताचा मी आहे.

रिकामा शंख रिकामा नसतो. शंखेकडे, म्हणजे हर्मिट क्रॅब, स्वतःचं कवच बनवत नाहीत, त्यांना मेलेल्या गोगलगाईचं घर लागतं. खेकडा वाढला की घर बदलावं लागतं. मोठा रिकामा शंख किनाऱ्यावर आला की कधीकधी खेकडे आकाराप्रमाणे रांग लावतात. पहिला मोठ्यात शिरतो, त्याचं सुटलेलं घर दुसरा घेतो, असं शेवटपर्यंत. तुम्ही तो एक शंख पिशवीत टाकला की पूर्ण साखळीच तुटली. प्लास्टिकच्या झाकणात शिरलेले खेकडे मी पाहिलेत. शिवाय शिंपल्यांचा चुरा हीच पुढची वाळू असते, त्यातलं चुनखडं पाण्यात परत जातं, पक्षी घरट्याला वापरतात.

थोडे उचलल्याने काय होतं म्हणाल. स्पेनमध्ये सालू गावाच्या यार्गा किनाऱ्यावर १९७८-८१ आणि २००८-१० अशा दोन वेळच्या शिंपल्यांच्या मोजणीची तुलना झाली. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. मधल्या काळात पर्यटक जवळपास तिप्पट झाले आणि शिंपले जवळपास एक-तृतीयांशावर आले. मासेमारी किंवा किनाऱ्याची रचना यात तसा मोठा बदल नव्हता.

वाळूवाट

पाणथळ, हा मुद्दा कोणीतरी काढणार हे माहीत होतं, बरं झालं तुम्ही काढलात, आकड्यांसकट. पण यार्गाच्या अभ्यासात माणसांनी उचलणं हे एकच कारण नाही धरलेलं. किनारा साफ करणारी यंत्रं, वाळूवर फिरणारी वाहनंही त्यात येतात. आपल्याकडे वाळूउपसा चालतो, ट्रॉलर तळ खरवडतात. आणि तुम्ही माझ्या डबीकडे बोट दाखवताय.

तरीही खेकड्यांचा मुद्दा मान्य आहे. माझी पद्धत अशी: अखंड, मोठ्या तोंडाचा, खेकड्याला चालेल असा शंख हातात घेतो, फोटो काढतो, परत ठेवतो. शिंपल्याची सुटी झडप, म्हणजे जोडीतलं एकच टरफल, कोणाच्या घराच्या कामाची नसते, ती घ्यायला हरकत नाही. एका जातीचा एका किनाऱ्यावरचा एक नमुना घरी असला की दुसरा उचलत नाही. आणि शंख घेण्याआधी ओल्या वाळूवर तोंड खाली करून ठेवतो आणि थांबतो. आत कोणी असेल तर चालायला लागतं.

पाणथळ

एक नमुना म्हणता म्हणता कपाट भरतं. असो. फोटोवाला भाग आवडला.

खडपातला

@पाणथळ, तुमच्या मताचा आदर आहे, पण लहानपणी शिंपले उचलले नसते तर तुम्हाला खेकड्यांबद्दल इतकी माया वाटली असती का? हातात घेतल्याशिवाय समुद्र कळत नाही असं माझं मत.

देवबागकार

मी मालवणी हाय, शुद्ध लिहूचा प्रयत्न करतंय. रापण किनाऱ्याक लागली की या बघूक. जाळ्यात मासळेबरोबर शंख, खेकडे, सँड डॉलर म्हणजे ते चपटे गोल समुद्री जीव, कायच्या काय येता. काटेरी म्युरेक्स जाळ्यात अडाकलो की सोडवताना बोटा फाटतत, म्हणान आमका त्येचा कौतुक नाय. बरेच जण ठेचून काढतत. कोणी इलो आणि "काका, हो माका देवा" म्हणालो की आमी खुशाल देतव. तेवढीच जाळ्याची सुटका.

एक सांगतंय. मालवणच्या समुद्रात अभयारण्य आसा, १९८७ पासूनचा, २९ चौरस किलोमीटरांच्या वर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचो भाग त्यात येता. तिकडे पाण्यात बुडी मारून प्रवाळ तोडूचो, जिवंत शंख काढूचो नाद करू नका. पर्यटक करतत आणि नाव आमचा खराब होता.

वाळूवाट

देवबागकार, हे सोन्यासारखं. बंदरावरच्या कचऱ्याबद्दल लिहायचं राहिलंच होतं. ट्रॉलरच्या जाळ्यात खोल पाण्यातला माल येतो, जो किनाऱ्यावर स्वतःहून क्वचितच येतो: लांब चोचीची टिबिया, पातळ कवचाचा फायकस, फुगीर टोना. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव चालू असतो तेव्हा जाळी झाडतात त्या जागी जा. लिलावात मधे मधे करू नका, मावशी ओरडतात आणि बरोबर ओरडतात.

कपाटवाला

जमवण्यावर सगळे बोलतायत, टिकवण्यावर कोणीच नाही. त्यामुळे हा लांबलचक प्रतिसाद.

काही वर्षांनी शंखांवर पांढरी भुकटी दिसते. सगळे म्हणतात बुरशी. पुसली की परत येते, खालचा पृष्ठभाग खडबडीत होतो, रंग जातो. ती बुरशी नसते. १८९९ साली बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकाने या प्रकाराबद्दल लिहिलं, त्याला वाटलं जंतू असावेत. त्यावरून नाव पडलं "बाइनचा रोग", पण हा रोगही नाही, नुसतं रसायनशास्त्र आहे. लाकूड, प्लायवुड, पुठ्ठा, कापूस यांतून ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ हळूहळू सुटत राहते. बंद खणात ती साठते. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. दमट हवेत दोघांची गाठ पडली की कवचावर क्षार फुलतात. आपल्याकडचा पावसाळा आणि सुताराकडून हौसेने करून घेतलेलं काचेचं लाकडी कपाट, यापेक्षा वाईट जोडी शंखांना मिळणार नाही.

उपाय साधे. लाकडी खण सोडा. स्वयंपाकघरात असतात ते पॉलिप्रॉपिलीनचे डबे उत्तम, नाहीतर पत्र्याचं कपाट. कापसाच्या जागी पॉलिथिनचा फोम. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या. रोग लागलेला शंख साध्या पाण्यात बुडवून ठेवा, दोनतीनदा पाणी बदला, पूर्ण वाळवा, मग नव्या डब्यात.

धुण्याबद्दल. लिंबू, व्हिनेगर, बाथरूम साफ करायचं ॲसिड यातलं काहीही शंखाला लावायचं नाही. चमकतो खरा, कारण वरचा थर विरघळलेला असतो. घाण जात नसेल तर पाणी घातलेलं ब्लीच थोडा वेळ चालतं. पण काही शंखांवर तपकिरी कातडीसारखा मूळ थर असतो, तो ब्लीचने निघून जातो. तो राखायचा असेल तर नुसता टूथब्रश. ब्लीच आणि ॲसिड एकत्र तर कधीच नको, विषारी वायू निघतो. शेवटी पॅराफिन तेलाचा हलका हात. वार्निश मारणाऱ्यांशी मी बोलत नाही.

सायली_ठाणे

वार्निश मारलेले तेरा शंख माझ्याकडे आहेत. बोलणं बंद का?

कपाटवाला

तुमचा मुलगा पोस्टमॉर्टेम करतो म्हणून सूट.

टिटवी

चिठ्ठ्यांचं कोण काय करतं? मी पेन्सिलने लिहिते, शाई दमटपणात पसरते. गाव, किनाऱ्याचा कुठला भाग, तारीख, वाळू की खडक, खाली पडलेला की जाळ्यातला. नाव कळलं तर नाव, नाही कळलं तर रिकामी जागा.

वाळूवाट

अगदी हेच. नाव नंतर कधीही लावता येतं, जागा आणि तारीख नाही. "कोकण, लहानपणी" अशी चिठ्ठी असलेला शंख सुंदर असू शकतो, पण त्याला काही विचारता येत नाही. चिठ्ठीवाला मोडका टरिटेला उद्या कोणाला सांगू शकतो की अमुक साली अमुक किनाऱ्यावर ही जात होती.

गोदाकाठ

समुद्रापासून लांबचा वाचक, नाशिक. मावशीला कोणीतरी दक्षिणावर्ती शंख देतोय. पांढरा, छान पॉलिश केलेला, किंमत ऐकून मला झीट आली. इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारतो.

वाळूवाट

पैसे देण्याआधी हे वाचा.

पूजेतला आपला शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. भारत-श्रीलंकेच्या समुद्रातला, तुतिकोरीनच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या पाणबुडे तो काढत आले, बंगालातल्या लग्नाच्या पांढऱ्या बांगड्या याच शंखाच्या. टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं तर नेहमीच्या शंखाचं तोंड उजव्या हाताला येतं. जगातल्या बहुतेक सगळ्या शंखांचं असंच. ज्याचं तोंड डावीकडे येतं तो या जातीत अत्यंत दुर्मीळ, आणि पूजेत शंख उलटा धरतात म्हणून तोच दक्षिणावर्ती.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आणि मेक्सिकोच्या आखातात लाइटनिंग व्हेल्क नावाचा शंख असतो. त्या जातीत उलटी वळणं हाच नियम आहे. म्हणजे तिथे असे शंख हवे तितके. ते पॉलिश होऊन इथे येतात आणि लाखाच्या गोष्टी सुरू होतात.

ओळखायचं कसं? तोंडाच्या आत, मधल्या खांबावर बोट फिरवा. आपल्या शंखाला तिथे तीन-चार ठळक आडव्या घड्या लागतात. व्हेल्कचा खांब गुळगुळीत असतो. तांदळात बुडवणं, पाण्यात तरंगवणं, कानाला लावून ॐ ऐकणं, या परीक्षांना अर्थ नाही. कानाला कुठलाही शंख लावा, आजूबाजूचाच आवाज पोकळीत घुमून ऐकू येतो. स्टीलचा पेलाही लावून बघा.

गोदाकाठ

बोट फिरवलं. गुळगुळीत. विक्रेत्याने "तुमचा भाव नाही" म्हणून शंख गुंडाळला आणि गेला. मावशी माझ्यावर रुसली आहे, पण पैसे वाचले.

फ्लोरिडाकर_मावशी

लाइटनिंग व्हेल्क वाचून हसू आलं. आमच्या टॅम्पाच्या बाजूला ते पायात येतात. शंखवाल्यांची इथली पंढरी म्हणजे सॅनिबेल बेट. बाकीची बेटं किनाऱ्याला समांतर उत्तर-दक्षिण पसरलेली, हे मात्र आडवं, पूर्व-पश्चिम. त्यामुळे आखातातून वाहत आलेले शंख त्यात अडकतात. लोक इतके वाकून चालतात की त्या चालीला "सॅनिबेल स्टूप" असं नावच पडलंय. ठिपक्याठिपक्यांचा जुनोनिया सापडला तर तुमचा फोटो स्थानिक वर्तमानपत्रात येतो! माझा अजून आला नाही.

पण जिवंत शंख उचलायला तिथे सक्त बंदी. सँड डॉलर, तारामासा सगळ्यालाच. दंड होतो. १९९५ पासून तिथे शंखांचं संग्रहालय आहे, २०२२ च्या इयन वादळात त्याचं खूप नुकसान झालं, पुन्हा उभं राहिलं. आपल्याकडे असं काही आहे का?

टिटवी

मावशी, तसं फक्त शंखांचं महाराष्ट्रात माझ्या पाहण्यात नाही, महाबलीपुरमला आहे. मुंबईत मात्र २०१७ पासून "मरीन लाइफ ऑफ मुंबई"ची मंडळी ओहोटीला लोकांना किनाऱ्यावर फिरवतात. हाजी अली, कार्टर रोड, गिरगाव, जिथे आपण नाक दाबून पुढे जातो तिथे ते जिवंत कवडी, समुद्री गोगलगाई दाखवतात. काही उचलायचं नाही, फक्त बघायचं. पाणथळ, तुम्हाला आवडेल.

पाणथळ

जाऊन आलोय. उत्तम.

पणजीकरीण

गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्या कोणी पाहिल्यात का? काचेच्या जागी पातळ, चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोन लाकडी पट्ट्यांत बसवलेले. दुपारचं कडक ऊन त्यातून दुधाळ होऊन आत येतं. प्लाकुना नावाचा शिंपला. एखादा चौकोन तुटला तर आता बदलायला मिळत नाही, कारण तो कायद्याच्या यादीत आहे. आमच्या घरातल्या खिडकीला दोन चौकोन काचेचे आहेत, तेवढाच उजेड टोचतो.

कपाटवाला

यादीचा विषय निघालाच आहे तर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत २००१ साली शंख-शिंपल्यांच्या जाती आल्या. नॉटिलस, मोठा ट्रायटन, शिंगं असलेला हेल्मेट, जायंट क्लॅम यांना सगळ्यात कडक संरक्षण. सर्व प्रवाळही त्यात. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टं नव्याने मांडली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आपण उचलतो ते टरिटेला, बटणं, तिसऱ्यांची टरफलं यात येत नाहीत. पण दिवाणखान्यात आजोबांच्या काळचा भलामोठा ट्रायटन असेल तर तो विकायच्या, भेट द्यायच्या फंदात पडू नका.

सरस्वती_बाई

मी दृष्टिहीन मुलांच्या शाळेत शिकवत होते, आता निवृत्त. हा धागा दोन दिवस वाचतेय. गीरात व्हर्माई यांचं नाव इथे यायला हवं. जन्म १९४६, नेदरलँड्स. तीन वर्षांच्या वयात दृष्टी गेली. पुढे अमेरिकेत शाळेत असताना वर्गशिक्षिकेने फ्लोरिडाहून आणलेले शंख खिडकीत मांडले होते. या मुलाने ते हातात घेतले, आणि नंतर शंखांचा जगन्मान्य अभ्यासक झाला, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत प्राध्यापक. त्यांनी बोटांनी शोधलेली गोष्ट ऐका. शंखाच्या कवचावर वेडीवाकडी जोडरेषा लागते, तिथे खेकड्याने कवच फोडायचा प्रयत्न केलेला असतो आणि प्राण्याने ते डागडुजी करून पुढे वाढवलेलं असतं. जाड ओठ, काटे, अरुंद तोंड हे सगळं अशा हल्ल्यांना दिलेलं उत्तर. शिकारी बळकट होत गेले तशी कवचं बळकट होत गेली, असा त्यांचा सिद्धान्त.

आमच्या मुलांना मी कधी शंखाचं चित्र उठावात काढून दिलं नाही, शंखच दिले. कोणता उजव्या वळणाचा, कोणता झिजलेला, कुठे जोड आहे, हे ती पटापट सांगत. डोळस पाहुणे आले की मुलं त्यांची परीक्षा घेत, डोळे मिटून. पाहुणे बहुतेक नापास.

खडपातला

बाई, रात्रीचे बारा वाजलेत आणि मी दिवा बंद करून डबीतली अर्धवट भोकं चाचपतोय. दोन बॅबिलोनियांवर जोडरेषा लागली. इतकी वर्षं दिसली कशी नाही?

भुत्या_नव्हे

कवडीचं एवढं निघालं आणि तुळजापूर कोणी काढलं नाही? आमच्या घरात आईच्या आईची कवड्यांची माळ आहे, आंबाबाईची. एकेक कवडी पिवळट, हाताळून गुळगुळीत. समुद्र आम्ही कोणी धड पाहिला नव्हता तेव्हाची. मराठवाड्यात एवढ्या कवड्या आल्या कुठून?

वाळूवाट

माळेतल्या कवड्या पिवळसर, कडेला गाठी असलेल्या असतील तर मोनेटारिया मोनेटा. हिचा मोठा साठा मालदीवला. तिथून गलबतं भरभरून कवड्या बंगालात आणि पश्चिम किनाऱ्यावर यायच्या. चौदाव्या शतकात इब्न बतूताने मालदीवचा हा व्यापार पाहून लिहून ठेवलाय. बंगालात तर इंग्रजांच्या सुरुवातीच्या काळापर्यंत कवडी हे चलन होतं. खोटी पाडता येत नाही, झिजत नाही, मोजायला सोपी. तेव्हा तुमच्या आजीच्या माळेतली एखादी कवडी कधीकाळी बाजारात चाललेली असू शकते. त्या माळेला पॅराफिन लावू नका, धुऊही नका. ती जशी आहे तशीच राहू दे.

सायली_ठाणे

ओळखायला मदत हवी. दिवेआगरला परवा मुलाला सापडला. गोगलगाईसारखा गोल, अंगठ्याच्या पेराएवढा, अंड्याच्या टरफलाइतका पातळ. रंग जांभळा, अगदी जांभळा! तळाकडे गडद, टोकाकडे फिकट. पहिल्यांदा वाटलं प्लास्टिकच आहे.

वाळूवाट

सायली, तुमच्या मुलाने आम्हा सगळ्यांना मागे टाकलं. जँथिना. ही गोगलगाय तळावर राहतच नाही. चिकट द्रावात हवा कोंडून बुडबुड्यांचा तराफा करते आणि त्याला उलटी लटकून भर समुद्रात आयुष्य काढते. तराफा सुटला की बुडते. उलटी असते म्हणून शंखाचा गडद भाग आकाशाकडे आणि फिकट भाग खोल पाण्याकडे, वरून पक्ष्याला आणि खालून माशाला दिसू नये असा. पावसाळी वाऱ्याने कधीतरी थवेच्या थवे किनाऱ्याला लागतात.

डबीत खाली फोम घाला, बोटाने दाबू नका, उन्हात ठेवू नका. चिठ्ठीवर तारखेबरोबर वारा कुठून होता तेही लिहा.

सायली_ठाणे

वारा पश्चिमेचा, जोरात. त्याच रेघेत निळ्या बटणांसारखं काहीतरी पसरलेलं होतं आणि एकदोन निळे फुगे, लांब दोऱ्या असलेले. मुलगा म्हणतोय उद्या परत जाऊन तेही आणू.

खडपातला

नको! बटणं म्हणजे पोर्पिटा आणि दोरीवाले फुगे म्हणजे फायसालिया, ब्लू बॉटल म्हणतात ते. जँथिनाचं जेवण तेच, म्हणून एकत्र येतात. फुगा मेलेला, सुकलेला दिसला तरी त्याची दोरी डसते. पोराला चपला घालून न्या, काठीनेही उचलू देऊ नका, आणि चुकून लागलंच तर चोळायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा.

सायली_ठाणे

कॅन्सल. त्याला नॅटिकाच्या केसेस पुरतील.